अगारच्या थाळीपासून बोकडाच्या कॉर्नियापर्यंत : ओसीटीने ऊतींचा ताठरपणा कसा मोजावा

एमटेक किंवा पीएचडीला प्रवेश मिळाला, गाईडने ओसीटीच्या मशीनसमोर बसवलं आणि ‘यावर इलॅस्टोग्राफी (ऊतीच्या ताठरपणाचं मापन) करायची आहे’ एवढंच सांगितलं, अशा मुलामुलींसाठी हा लेख लिहिते आहे. शोधनिबंध वाचून सिद्धान्त कळतो. पण हवेचा झोत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा ट्रिगर कुठून घ्यायचा, नमुना किती ओला ठेवायचा, ज्याच्याकडून नमुन्यासाठी बोकडाचे डोळे आणायचे त्या मटणवाल्याला नेमकं काय सांगायचं, हे निबंधांत नसतं, आणि सुरुवातीचे महिने त्यातच जातात.

ओसीटी म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. ऊतीच्या वेगवेगळ्या थरांतून परत येणाऱ्या प्रकाशावरून ती आतला छेद दाखवते. एमआयटीतल्या जेम्स फुजिमोटो यांच्या गटाने १९९१ साली हे तंत्र मांडलं. आज रेटिना तपासायला बहुतेक मोठ्या नेत्र रुग्णालयांत ते असतं. बारकावा साधारण ५ ते १५ मायक्रोमीटर, आणि ऊतीत १ ते २ मिलिमीटर खोलवरचं दिसतं. १९९८ मध्ये जोसेफ श्मिट यांनी याच तंत्राने, दाबलेली ऊती आतून कुठे किती सरकते ते मोजून दाखवलं. तिथून ओसीई, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स इलॅस्टोग्राफी, सुरू झाली.

यात मुख्य पद्धती दोन. पहिलीत नमुना वरून दाबायचा आणि आतल्या स्ट्रेनचा, म्हणजे कुठला भाग किती आकसला त्याचा, नकाशा काढायचा. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या गटाने ही पद्धत स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत, काढलेल्या गाठीच्या कडा तपासण्यापर्यंत नेली आहे. दुसऱ्या पद्धतीत नमुन्याला हलकासा धक्का द्यायचा आणि त्यातून उठलेली लहर किती वेगाने पसरते ते पाहायचं. पहिल्या प्रयोगासाठी मी दुसरी पद्धत सुचवेन, कारण तिच्यात प्रत्येक टप्प्यावर स्वतःला तपासून घेता येतं.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा. यंत्र तुम्हाला लहरीचा वेग देतं, ताठरपणाचे किलोपास्कल देत नाही. वेगावरून किलोपास्कल काढताना मधे गृहीतकं येतात, आणि नवख्यांचे बहुतेक चुकीचे आकडे तिथेच तयार होतात. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच या क्रमाने लावले आहेत.

१. सामान आणि कागदपत्रं

यंत्रांपैकी हे लागेल:

- फेजसह (परतलेली प्रकाशलहर कोणत्या अवस्थेत आहे त्यासह) कच्चा डेटा देणारी ओसीटी, शक्यतो स्पेक्ट्रल-डोमेन. दवाखान्यातली मशीन बहुधा तयार चित्रच बाहेर देते, फेज देत नाही. ती इथे उपयोगाची नाही.
- धक्का देण्यासाठी पिझो (वीज दिली की किंचित लांबणारा स्फटिक) आणि त्याला चिकटवलेलं बारीक बोथट टोक. पुढे हवेच्या झोतासाठी सोलेनॉइड व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि नोझल.
- फंक्शन जनरेटर, ऑसिलोस्कोप, आणि कंप शोषणारं टेबल.
- प्रयोगशाळेच्या दर्जाची अगार पावडर, हॉटप्लेट, खोल पेट्री डिश, थोडं टोन्ड दूध.
- डोळ्यांसाठी सलाइनची बाटली, आयव्ही सेट, २५ गेजच्या सुया, स्टँड, मोजपट्टी.
- मॅटलॅब किंवा पायथन.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. लेसर सुरक्षेचं प्रशिक्षण आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी हवीच. प्राणी-नैतिकता समितीकडे अर्ज करून, खाण्यासाठी कापलेल्या जनावराचा अवयव वापरत असल्याने वेगळी मंजुरी लागत नाही, असं असेल तर तसं लेखी पत्र घ्या. निबंध पाठवताना जर्नल ते मागतं, आणि त्या वेळी मागच्या तारखेचं पत्र कुणी देत नाही. वापरलेले डोळे साध्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ते पिवळ्या पिशवीत जातात. ती उचलायला कोण येतं आणि कोणत्या वारी, हे आधीच विचारून ठेवा.

२. काहीही मोजण्याआधी फेज किती हलतो ते पाहा

काचेची स्लाइड ठेवा, बीम एका जागी थांबवा आणि एक सेकंदभर डेटा घ्या. काच हलत नाही, म्हणून फेजही हलायला नको. जेवढा हलतो तेवढा तुमचा नॉइज.

हिशोब असा: प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून पृष्ठभागाचं विस्थापन म्हणजे तरंगलांबी गुणिले फेजमधला फरक, भागिले ४π. १३१० नॅनोमीटरच्या मशीनवर १ रेडियन म्हणजे सुमारे १०४ नॅनोमीटर. सिग्नल-टू-नॉइज ४० डेसिबल असेल तर फेजचा नॉइज ०.०१ रेडियनच्या आसपास, म्हणजे साधारण १ नॅनोमीटर, अपेक्षित आहे. त्याच्या दहापट आला तर दोष बहुधा मशीनचा नसतो. एसी, पंखा, शेजारच्या खोलीतला कॉम्प्रेसर, भिंतीपलीकडची लिफ्ट एकेक करून बंद असताना पुन्हा मोजा. स्वेप्ट-सोर्स मशीन (लेसरची तरंगलांबी भरभर सरकवणारी) असेल तर स्वीपच्या ट्रिगरमधल्या डळमळीमुळेही फेज उड्या मारतो. अशा वेळी नमुन्याच्या वर एक स्थिर काच ठेवून तिचा फेज प्रत्येक ए-लाइनमधून (एका जागेच्या खोलीभरच्या एका नोंदीतून) वजा करायचा.

३. अगारचा फँटम

थेट डोळ्यावर जायचा मोह होतो. जाऊ नका. ऊतीचं खरं उत्तर कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे तुमचा आकडा बरोबर की चूक हे ती सांगू शकत नाही. अगारचा फँटम, म्हणजे ऊतीऐवजी वापरायचा कृत्रिम नमुना, सांगतो.

१०० मिलिलिटर पाण्याला १ ग्रॅम अगार म्हणजे १ टक्का. सतत ढवळत ९०–९५ अंशांपर्यंत न्या. द्रावण स्वच्छ दिसेपर्यंत थांबा, दाणे राहिले तर फँटम एकसारखा होत नाही. साधारण ६० अंशांवर आलं की दोन-तीन मिलिलिटर दूध घाला. निव्वळ अगार इतका पारदर्शक असतो की ओसीटीला परत काही येतच नाही, दुधातल्या चरबीच्या कणांमुळे प्रकाश विखुरतो. टायटॅनियम डायऑक्साइडही चालतो, पण तो तळाशी बसतो. ओतताना थाळी थोडी तिरकी धरा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. ४० अंशांच्या खाली तो जमतो. थर किमान दीड सेंटिमीटर जाड ठेवा, त्याचं कारण पुढे आठव्या टप्प्यात येईल.

१, १.५ आणि २ टक्क्यांचे तीन फँटम एकाच दिवशी करा. त्याच द्रावणातून प्रत्येकी एक छोटा दंडगोल ओतून ठेवा, तो यांत्रिक विभागातल्या कॉम्प्रेशन मशीनवर तपासता येतो. थाळ्या क्लिंग फिल्मने घट्ट झाका. अगार उघडा राहिला की वरून सुकतो, तिथे कडक पापुद्रा धरतो, आणि वरची लहर त्या पापुद्र्याचा वेग सांगू लागते. किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतो तोही अगारच, पण त्याची जमण्याची ताकद पाकिटागणिक बदलते. मापनासाठी तो नको.

४. धक्का आणि ट्रिगर

सर्वाधिक वेळ इथे द्या.

या पद्धतीत बीम एका जागी थांबतो, धक्का बसतो, त्या जागेची हालचाल काही मिलिसेकंद नोंदवली जाते. मग बीम पुढच्या जागी जातो आणि पुन्हा तसाच नवा धक्का. नंतर सगळ्या नोंदी शेजारीशेजारी ठेवून आपण असं मानतो की एकच लहर सरकत गेली. हे मानणं तेव्हाच खरं, जेव्हा प्रत्येक धक्का ट्रिगरपासून अगदी तेवढ्याच वेळाने बसतो.

आता आकडे बघा. लहर सेकंदाला ३ मीटर जाते आणि तुमच्या दोन जागांत ५० मायक्रोमीटर अंतर आहे. हे अंतर कापायला लहरीला १७ मायक्रोसेकंद लागतात. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ प्रत्येक खेपेस १०० मायक्रोसेकंद पुढेमागे होत असेल, तर लहर सहा जागा मागे किंवा पुढे दिसते. चित्रात ती करवतीच्या दातांसारखी खडबडीत येते, आणि त्यातून सरळ रेषा काढली तर उतार काहीही निघतो. म्हणून सुरुवात पिझोने करा, त्याची वेळ पक्की असते. हवेवर गेलात तर व्हॉल्व्हला दिलेल्या सिग्नलवर विसंबू नका. नोझलजवळ छोटा प्रेशर सेन्सर लावा आणि ऑसिलोस्कोपवर दोन्ही सिग्नल एकत्र पाहा.

पिझोचं टोक नमुन्याला जेमतेम टेकलेलं असावं. रुतलं तर तिथली ऊती आधीच ताणलेली असते. धक्का किती जोराचा, याची कसोटी सोपी आहे: व्होल्टेज निम्मं करा. विस्थापन निम्मं व्हायला हवं आणि वेग तोच राहायला हवा. वेग बदलला तर धक्का जास्त आहे.

५. स्कॅनची मापं

सुरुवातीला ही मापं चालतात: ५ मिलिमीटरची रेघ, १०१ जागा, प्रत्येक जागी ५० किलोहर्ट्झने ५०० ए-लाइन, म्हणजे १० मिलिसेकंदांची नोंद आणि दर २० मायक्रोसेकंदांना एक क्षण. ३ मीटरच्या वेगाने लहर ही रेघ १.७ मिलिसेकंदांत ओलांडते, तेव्हा १० मिलिसेकंद भरपूर झाले. दोन धक्क्यांमध्ये ५०–१०० मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर आधीची थरथर पुढच्या नोंदीत मिसळते.

एक मर्यादा लक्षात असू द्या. लागोपाठच्या दोन ए-लाइनमध्ये पृष्ठभाग पाव तरंगलांबीपेक्षा जास्त हलला तर फेज गुंडाळला जातो, म्हणजे फेरा पूर्ण करून चुकीचा आकडा दाखवतो. १३१० ला ही मर्यादा सुमारे ३२७ नॅनोमीटर, म्हणजे वरच्या मापांत पृष्ठभागाची हालचाल सेकंदाला १६ मिलिमीटरपेक्षा वेगवान नको. गुंडाळलेला फेज नंतर उलगडता येतो, पण नॉइज असला की उलगडणारा प्रोग्राम स्वतःच नव्या उड्या घालतो. धक्का कमी करणं केव्हाही बरं.

६. फेजपासून विस्थापन

वरचं सूत्र पृष्ठभागासाठी आहे. तिथे अपवर्तनांक १ धरायचा, कारण पृष्ठभाग सरकतो तेव्हा कमी-जास्त होते ती वरची हवा. आतल्या थरांसाठी १.३७६ हा कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) अपवर्तनांक घेऊन मोकळं होणारे पुष्कळ आहेत, आणि ते चूक आहे. आतल्या बिंदूच्या फेजमध्ये पृष्ठभागाची हालचालही मिसळलेली असते. म्हणून आधी त्या बिंदूच्या फेजमधून पृष्ठभागाचा फेज वजा करायचा, उरलेल्याचं विस्थापन ऊतीच्या अपवर्तनांकाने भागून काढायचं, आणि मग त्यात पृष्ठभागाचं विस्थापन मिळवायचं. ही दुरुस्ती नसली की आत कुठेच नसलेला स्ट्रेन नकाशात दिसू लागतो.

७. वेग काढणं

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर, आणि रंगाने विस्थापन. या चित्रात लहर तिरक्या पट्ट्यासारखी दिसते, पट्ट्याचा उतार म्हणजे वेग. धक्क्याच्या अगदी जवळचा भाग सोडून द्या, तिथे लहर अजून नीट तयार झालेली नसते. थाळीच्या काठावरून परतलेली लहर उलट्या तिरकसपणाने दिसते. ती गणितात घेऊ नका.

तीन फँटमचे वेग अगारच्या टक्केवारीप्रमाणे चढत गेले पाहिजेत. चढत नसतील तर पुढे जाऊ नका, चौथ्या टप्प्यावर परत या.

उतारातून मिळतो तो सगळ्या फ्रीक्वेन्सींचा मिळून एक वेग. तो पुरेसा नाही. याच चित्राचं द्विमितीय फुरियर रूपांतर केलं की प्रत्येक फ्रीक्वेन्सीचा स्वतंत्र वेग मिळतो. जाड अगारमध्ये ही रेघ जवळपास सपाट असते. कॉर्नियात ती चढत जाते, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

८. वेगापासून मॉड्युलस : इथे थांबून विचार करा

पाठ्यपुस्तकातलं सूत्र आहे: शिअर मॉड्युलस (थर एकमेकांवरून सरकायला ऊतीचा विरोध) म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, आणि न दाबल्या जाणाऱ्या ऊतीत यंग मॉड्युलस (ताणायला विरोध) त्याच्या तिप्पट. घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली तर ३ मीटर प्रति सेकंदाला शिअर मॉड्युलस ९ किलोपास्कल आणि यंग मॉड्युलस २७.

या एका ओळीत कितीतरी अटी दडलेल्या आहेत. पहिली: तुम्ही मोजली ती पृष्ठभागावरची लहर. ती शिअर लहरीच्या सुमारे ०.९५५ पट वेगाने जाते. ही दुरुस्ती केली की २७ चे जवळपास ३० होतात. दुसरी: वेगाचा वर्ग घेतला जात असल्याने वेगातली १० टक्के चूक मॉड्युलसमध्ये २० टक्क्यांहून मोठी होते. तिसरी: नमुना लहरीच्या लांबीपेक्षा जाड हवा. १००० हर्ट्झला ३ मीटर वेग म्हणजे लांबी ३ मिलिमीटर, ३०० हर्ट्झला १० मिलिमीटर. दीड सेंटिमीटर जाड अगारमध्ये हे चालून जातं.

कॉर्निया मात्र मिलिमीटरपेक्षाही पातळ, वर हवा आणि खाली पाणी. माणसाचा मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वरच असतो. त्यात लहर पत्र्यात धावावी तशी धावते, आणि तिचा वेग जाडीवर नि फ्रीक्वेन्सीवरही ठरतो. साधं सूत्र लावलं तर कॉर्निया आहे त्याहून मऊ निघतो. शिवाय कॉर्नियातले कोलॅजनचे धागे पृष्ठभागाला समांतर थरांत असतात, त्यामुळे तो सगळ्या दिशांनी सारखा नाही. पट्टी कापून ताणली तर यंग मॉड्युलस मेगापास्कलच्या घरात येतो, लहरींनी मोजलं की किलोपास्कलमध्ये. हा विरोधाभास बरीच वर्षं खटकत होता. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये कॉर्नियाला दोन वेगळे शिअर मॉड्युलस दिले आहेत, आणि त्यात ‘तिप्पट’चा नियम लागू होत नाही. तुमचं काम कॉर्नियावर असेल तर हे मॉडेल वाचल्याशिवाय एकही किलोपास्कल लिहू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

९. डोळे आणणं

मटणवाल्याशी आदल्या दिवशी बोला आणि त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: डोळे न भाजलेल्या मुंडीचे हवेत. आपल्याकडे मुंडी-पाय विकण्याआधी केस जाळायला जाळावर धरतात. बाहेरून डोळा धड दिसतो, पण उष्णतेने कोलॅजन आकसतं आणि कॉर्निया ढगाळ, कडक होतो. असा डोळा सुंदर, स्वच्छ आणि पूर्णपणे निरर्थक आकडे देतो. ‘दादा, मुंडी जाळावर धरायच्या आधी डोळे काढून द्या’ असं सांगितलं की काम होतं. डोळा मागच्या नसेचा तुकडा ठेवून काढायला सांगा, कापताना गोळ्याला टोचलं तर आतलं पाणी जातं.

एकाच बोकडाचे दोन्ही डोळे वेगळ्या डब्यांत, डावा-उजवा लिहून, सलाइनने ओलसर केलेल्या कापसात घ्या आणि डबे बर्फाच्या पेटीत ठेवा. थेट बर्फावर नको आणि फ्रीझरमध्ये तर अजिबात नको, गोठल्याने ऊतीची रचना मोडते. काम त्याच दिवशी उरका. मोजण्याआधी डोळा खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कॉर्निया साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये बुडवून ठेवू नका. तो पाणी शोषून फुगतो, आणि फुगलेला कॉर्निया मऊ मोजला जातो. ओसीटी समोरच आहे, तेव्हा प्रत्येक मोजणीआधी जाडी घ्या आणि लिहा. तासाभरात जाडी सरकली असेल तर वेगातला फरक कशाचा, हे नंतर कुणीच सांगू शकणार नाही.

१०. डोळ्यातला दाब

रिकामा, लिबलिबीत डोळा आणि जिवंत डोळ्याइतका ताणलेला डोळा यांचे वेग वेगळे येतात, कारण कॉर्निया ताणला की जास्त ताठ होतो. म्हणून डोळ्यात २५ गेजची सुई बाजूने, लिंबसजवळून (कॉर्निया आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेजवळून) घाला आणि आयव्ही सेटने सलाइनच्या बाटलीला जोडा. १५ मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा सुमारे २०.४ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. बाटलीतली पाण्याची पातळी डोळ्याच्या उंचीपासून मोजा, बाटलीच्या बुडापासून नाही. नळीत बुडबुडा नसावा.

मग बाटली वर-खाली करून १०, १५, २० आणि ३० मिलिमीटर पाऱ्याला वेग घ्या. वेग दाबासोबत चढला तर मांडणी बरोबर आहे. चढला नाही तर सुई चोंदली आहे किंवा डोळा गळतो आहे.

११. क्रॉस-लिंकिंगची कसोटी

केरॅटोकोनसमध्ये कॉर्निया कमकुवत होऊन पुढे येतो. त्यावर रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून कॉर्निया ताठ करतात, यालाच क्रॉस-लिंकिंग म्हणतात. मूळ ड्रेस्डेन पद्धतीत ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॉट, ३० मिनिटं. हा उपचार एका डोळ्यावर करा आणि त्याच बोकडाच्या दुसऱ्या डोळ्याशी तुलना करा.

सापळा असा: रायबोफ्लेविनच्या द्रावणात बहुधा २० टक्के डेक्स्ट्रान असतं, ते कॉर्नियातलं पाणी ओढून घेतं आणि त्याला पातळ करतं. निव्वळ त्यानेही वेग बदलतो. म्हणून दुसऱ्या डोळ्यावरही तेच थेंब तेवढाच वेळ टाका, फक्त प्रकाश देऊ नका. एपिथेलियम (कॉर्नियाचा सर्वांत वरचा पेशींचा थर) काढलं असेल तर दोन्हींचं काढा. ज्याला फक्त सलाइन दिलं तो डोळा तुलनेला चालत नाही.

१२. वहीत आणि निबंधात काय लिहायचं

प्रत्येक मोजणीपुढे वेग आणि त्याची फ्रीक्वेन्सी, डोळ्यातला दाब, कॉर्नियाची जाडी, तापमान, बोकड कापल्यापासून गेलेला वेळ, धक्क्याचा प्रकार, आणि डावा की उजवा, एवढं हवंच. मॉड्युलस दिलात तर कोणत्या मॉडेलने काढला ते त्याच ओळीत लिहा. वेगाचा तक्ता मात्र कधी वगळू नका: उद्या दुसऱ्या कुणाकडे अधिक चांगलं मॉडेल आलं, तर तुमच्या वेगांवरून त्यांना नवा मॉड्युलस काढता येईल. नुसत्या किलोपास्कलवरून ते जमणार नाही.